संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी

तुमच्या घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल, तर आजचे हे भाषण मुख्यतः तुमच्यासाठी आहे. नसेल, तरी भावाकडे असेल, शेजारी असेल. तेव्हा लगेच उठून जाऊ नका. अशा मुलीच्या दप्तरातून आज ना उद्या एक कागद घरी येतो. कदाचित तुमच्याकडे तो येऊनही गेला असेल. वर काहीतरी इंग्रजी अक्षरे, मध्ये ‘गर्भाशयमुखाचा कर्करोग’ असे जड शब्द, आणि खाली ‘पालकाची सही’ म्हणून मोकळी सोडलेली रेघ. मुलगी शाळेला निघालेली, एस.टी.ची वेळ झालेली, चुलीवर किंवा गॅसवर काहीतरी करपत असलेले. अशा वेळी आपण एकतर न वाचता सही ठोकतो, नाही तर न वाचता कागद बाजूला ठेवतो. त्या रेघेवर सही करण्याआधी काय काय ठाऊक असावे, ते मी सांगणार आहे.

मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. पण एखादी गोष्ट अमुक कारणाने घडली असे केव्हा म्हणावे आणि केव्हा म्हणू नये, हा आमच्या शास्त्राचा रोजचा धंदा. आणि या लसीच्या बाबतीत सगळा वाद नेमका तिथेच झालेला आहे.

आधी रोगाकडे पाहू. आपल्याकडे बायका ‘पिशवीचा आजार’ एवढेच म्हणतात. पिशवी म्हणजे गर्भाशय, आणि तिच्या तोंडाशी होणारा हा कर्करोग. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणे भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने गेल्या. २०११ च्या शिरगणतीत आपल्या रत्नागिरी शहराची सगळी वस्ती, बायका, पुरुष, पोरेबाळे धरून, सुमारे ७६ हजार भरली होती. म्हणजे एका वर्षात एवढे एक गाव रिकामे झाले म्हणा ना! आणि ते गाव म्हाताऱ्यांचे नव्हे. हा रोग बहुधा चाळिशी-पन्नाशीतल्या बाईला गाठतो. घर तिच्यावर उभे असते, मुले अजून हाताशी आलेली नसतात, आणि कोकणात तर पुष्कळदा घरधनी मुंबईला असतो. अंगावरून पांढरे जाते, मध्येच रक्त दिसते, पाळी थांबून वर्षे झाल्यावर पुन्हा डाग दिसतो; ती कोणाला सांगत नाही. भातलावणी होऊ दे, गणपती होऊ दे, मग बघू, असे म्हणता म्हणता वर्ष जाते.

या रोगाचे मूळ सापडायला फार वर्षे लागली. इटलीतल्या व्हेरोना शहरी रिगोनी-स्टर्न नावाच्या वैद्याने १८४२ साली गावच्या मृत्यूच्या जुन्या नोंदी चाळल्या. त्याला दिसले की मठातल्या जोगिणींत हा रोग फारच विरळा, लग्न झालेल्या बायकांत मात्र पुष्कळ. म्हणजे स्त्रीपुरुष संबंधातून काहीतरी येते, एवढा धागा हाती लागला. काय येते, हे कळायला मात्र १९८३ साल उजाडावे लागले. जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी या रोगाच्या गाठीत एक विषाणू दाखवून दिला. त्याचे नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एच.पी.व्ही. त्याचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी, पण १६ आणि १८ या क्रमांकांचे दोघे या रोगाच्या शंभर रोग्यांपैकी सत्तरांच्या वर रोग्यांना कारण होतात. त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

इथे कोणाच्या कपाळाला आठी पडली असेल, तर ती मला दिसते आहे. ‘संबंधातून येणारा आजार, आणि त्याची लस आमच्या बारा वर्षांच्या मुलीला? आमच्या घरात असले काही नाही!’ अहो, हा विषाणू चारित्र्य पाहून येत नाही. तो इतका सर्वत्र आहे की संसार करणाऱ्या बहुतेक स्त्रीपुरुषांना तो आयुष्यात केव्हातरी एकदा भेटतोच. शंभरांतील बहुतेकांचे शरीर त्याला एकदोन वर्षांत हाकलून देते, आणि त्या बाईला तो आला होता हे कळतही नाही. थोड्या जणींच्या शरीरात मात्र तो ठाण मांडतो, आणि मग पंधरावीस वर्षांनी त्याचा कर्करोग होतो. एका नवऱ्याशी एकनिष्ठ राहिलेल्या बाईलाही तो होतो. तेव्हा लसीचा विचार करताना मुलीच्या वागण्याचा प्रश्न मध्ये आणणे म्हणजे छत्री विकत घेणाऱ्याला ‘तुम्ही पावसात भिजण्याचे धंदे करणार आहात वाटते?’ असे विचारण्यासारखे आहे. लस त्या वयात देतात त्याचे कारण साधे आहे. विषाणू अंगात येण्याआधी दिली तरच ती पूर्ण काम करते. आलेला विषाणू ती घालवत नाही. शिवाय त्या वयात शरीर लसीला उत्तरही जोरदार देते.

शरीराविषयी बोलायला लाजणे ही आपली जुनी खोड. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, खटले सोसले, कॉलेजातली नोकरी गमावली. हा माणूस आपल्याच जिल्ह्याचा. त्यांच्या पश्चात इतकी वर्षे गेली, तरी आमच्या वर्गात ‘गर्भाशय’ हा शब्द उच्चारला की मागच्या बाकावर खसखस पिकते. असो.

आता लस. देवीची लस आपल्याला परिचयाची. मुंबईत १८०२ साली ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती प्रथम टोचली गेली, आणि पुढे पावणेदोनशे वर्षांत देवी या देशातून गेल्या. त्या लसीत जिवंत जंतू असे. या लसीत विषाणू मुळी नसतोच. ऑस्ट्रेलियात इयन फ्रेझर आणि जियान झोऊ यांनी १९९१ साली असे दाखवले की विषाणूचे बाहेरचे कवच तेवढे प्रयोगशाळेत तयार करता येते. आत खोबरे नाही, पाणी नाही, नुसती करवंटी. शरीर त्या करवंटीला ओळखून ठेवते, आणि पुढे खरा नारळ आला की त्याला दारातच अडवते. २००६ साली ही लस अमेरिकेत मंजूर झाली. आपल्याकडे ती परदेशातून येई आणि फार महाग पडे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘सर्व्हाव्हॅक’ नावाची लस तयार केली, तिला जुलै २०२२ मध्ये भारत सरकारच्या औषध नियंत्रकांनी परवानगी दिली. तरीही खाजगी दवाखान्यात खर्चाचा हिशेब हजारांतच होतो. म्हणूनच सरकारी मोहिमेचे महत्त्व.

आता या कथेतले अवघड प्रकरण सांगतो, कारण ते कोणीतरी तुम्हाला अर्धेच सांगितले असेल.

२००९ साली त्या वेळच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याकडे शाळकरी मुलींना ही लस देण्याचा एक प्रकल्प निघाला. एका परदेशी संस्थेने तो इथल्या सरकारी यंत्रणेच्या मदतीने चालवला. मिळून वीस हजारांवर मुलींना लस दिली गेली. पुढल्या काही महिन्यांत त्यांच्यापैकी सात मुली मरण पावल्या. बोभाटा झाला, आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने काम थांबवले. चौकशी झाली. कोणी बुडून, कोणी सर्पदंशाने, कोणी कीटकनाशक पोटात गेल्याने, कोणी तापाने गेली होती. लसीशी या मृत्यूंचा संबंध नाही असे चौकशी समितीने म्हटले.

‘यानंतर ते झाले, म्हणून यामुळे ते झाले’ असे अनुमान काढू नये, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकवतो. कोंबडा आरवल्यावर सूर्य उगवतो, पण कोंबड्याने उगवतो असे नव्हे. वीस हजार मुलींपैकी काही जणी वर्षभरात साप-विंचू-पाण्याने दुर्दैवाने जाणार, लस दिली काय न दिली काय. तर्कशास्त्राच्या दृष्टीने प्रकरण इथे मिटते.

पण माणसाच्या दृष्टीने मिटत नाही! संसदेच्या समितीने २०१३ साली जो अहवाल दिला, त्यात निराळीच गोष्ट पुढे आली. आंध्रातल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच सही केलेली होती, आणि १,९४८ पत्रांवर नुसते अंगठे होते. बऱ्याच मुली आदिवासी, आश्रमशाळेत राहणाऱ्या. त्यांच्या आईबापांना कोणी विचारलेच नाही. मुलीला काय टोचले, कशासाठी टोचले, त्यांना पत्ता नाही. आणि मग मुलगी गेल्यावर त्यांना सांगायचे की बाबांनो, तर्कदृष्ट्या याचा त्याच्याशी संबंध नाही. कोण विश्वास ठेवील? मी त्यांच्या जागी असतो तर मीही ठेवला नसता. लस निर्दोष होती हे खरे आणि संमती घेण्याची रीत सदोष होती हेही खरे. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. आपल्याकडे मात्र लोक यांतले एक धरून दुसरे सोडतात. काही जण लसीला विष म्हणतात, तर काही जण शंका विचारणाऱ्याला अडाणी म्हणतात.

ती किंमत किती पडू शकते, हे जपानने पाहिले. तिथे २०१३ साली लसीनंतर मुलींना वेदना, झटके येतात अशा बातम्या पसरल्या. सरकारने लस बंद केली नाही, फक्त तिची शिफारस करणे सोडले. लस घेणाऱ्या मुलींचे प्रमाण शंभरात सत्तरावरून एकाच्याही खाली घसरले. शिफारस पुन्हा सुरू व्हायला २०२२ चा एप्रिल उजाडला. मधल्या नऊ वर्षांतल्या मुली आता तरुण बायका झाल्या आहेत.

खम्ममच्या या बोभाट्यातून एक चमत्कारिक लाभ मात्र झाला. त्याच सुमारास देशात दुसरा एक अभ्यास चालू होता. डॉ. शंकरनारायणन यांच्या नेतृत्वाखाली जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने तो हाती घेतला होता, आणि त्याच्या केंद्रांत आपले मुंबई, पुणे आणि बार्शी होते. लसीच्या तीन मात्रा द्याव्यात की दोन पुरतात, एवढाच त्यांचा प्रश्न. सरकारचा थांबण्याचा हुकूम आला तेव्हा १७,७२९ मुलींना लस सुरू झालेली होती, आणि त्यांपैकी सुमारे पाच हजार मुलींची एकच मात्रा झाली होती. अभ्यास अर्धवट राहिला असे कोणीही म्हटले असते. पण या मंडळींनी त्या मुलींची साथ सोडली नाही. त्या मोठ्या झाल्या, लग्ने होऊन सासरी गेल्या, तरी त्यांचा माग ठेवला, तपासण्या केल्या. २०२१ साली निष्कर्ष छापून आले: १६ आणि १८ या प्रकारांचे ठाण मांडून बसणारे संक्रमण टाळण्यात एक मात्रा ९५.४ टक्के परिणामकारक ठरली, म्हणजे दोन किंवा तीन मात्रांच्या तोडीची. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या डिसेंबरात एका मात्रेचाही मार्ग मान्य केला, त्यामागच्या पुराव्यांत या मुलींचा वाटा आहे. गरीब देशांना एका मात्रेत काम भागते म्हणजे त्याच पैशात दुप्पट मुली. बार्शीकडच्या कोणा शेतकऱ्याच्या लेकीमुळे आफ्रिकेतल्या मुलीला लस मिळते, हे मला फार मोठे वाटते. तिला स्वतःला हे कोणी सांगितले असेल का, कोण जाणे.

परदेशातले अनुभव थोडक्यात सांगतो. स्वीडनमध्ये सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्या मुलींत हा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. स्कॉटलंडात शाळेत बाराव्या-तेराव्या वर्षी लस मिळालेल्या मुलींत या रोगाची एकही रोगी आढळली नाही, हे २०२४ मध्ये. आफ्रिकेतल्या रवांडासारख्या गरीब देशाने २०११ पासून शाळांतून लस देऊन दहांतल्या नऊ मुली गाठल्या. आणि आपल्या देशात सिक्कीमने २०१८ साली तेच केले.

शाळाच का? कारण या वयाच्या मुलीला दवाखान्यात न्यायचे प्रसंगच थोडे. तान्ह्या मुलाला आई नेमाने टोचून आणते, पण बारा वर्षांची धडधाकट मुलगी दवाखान्याची पायरी चढते केव्हा? लांज्याच्या किंवा संगमेश्वरच्या आडवाडीतून तालुक्याला न्यायची तर एक दिवसाची मजुरी बुडणार. शाळेत ती असतेच. मोहीम आरोग्य केंद्रावर असली, तरी मुलींची यादी, पालकांची सभा आणि हा कागद, ही कामे शाळेलाच करावी लागतात.

पण शाळेने सगळ्या मुली गाठल्या असे समजू नये. आंब्याच्या बागांवर राखण करणाऱ्या नेपाळी कुटुंबांच्या मुली, हंगामाला घर सोडून कामावर जाणाऱ्या कातकऱ्यांच्या मुली, आठवीतच शाळा सुटलेल्या मुली, या हजेरीपटावर नसतात. पुढे रोग झालाच तर वेळेवर तपासणीला जाण्याची शक्यताही यांचीच सर्वांत कमी. माझ्या मते मोहिमेचे यश शहरातल्या शाळेच्या टक्क्यांवरून मोजू नये, या मुलींवरून मोजावे. आशाताईंना त्या घराघरांतून ठाऊक असतात. मुख्याध्यापकांनी आणि त्यांनी एकत्र बसून यादी करायला अर्धा दिवस पुरे.

सहीचेही तसेच. आपल्या जिल्ह्यात शिरगणती केव्हाही घ्या, पुरुषांपेक्षा बायका अधिक भरतात; २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे अकराशेंच्या वर होत्या. कारण आपल्याला ठाऊक आहे, पुरुष मुंबईला. मग आई म्हणते, ‘ह्यांना विचारून सांगते,’ आणि फोनवर ‘हे’ म्हणतात, ‘कशाला उगाच, राहू दे.’ त्यांनी कागद पाहिलेला नसतो. माझी अशा घरांना विनंती आहे की कागदाचा फोटो काढून मुंबईला पाठवा, आणि दोघांनी वाचून ठरवा. आईचीही सही चालते; ती नुसती वाट बघणारी नव्हे. शाळेनेही ‘उद्या सही आणा’ असे म्हणू नये. आठवडाभर आधी पालकांना बोलवावे, डॉक्टरांना समोर बसवावे, आणि कोणी वेडावाकडा प्रश्न विचारला तर हसू नये. उर्दू शाळेत उर्दूतून सांगावे. ‘नाही’ म्हणणाऱ्या पालकाच्या मुलीला वर्गात वेगळे काढू नये. आज नाही म्हणणारा सहा महिन्यांनी हो म्हणतो, त्याला दार उघडे हवे.

आणि मुलीला विचारा. माझी मुलगी आठवीत आहे. तिला हे सगळे समजावले तेव्हा तिने एकच प्रश्न केला, ‘मग मुलग्यांना का नाही?’ प्रश्न बिनतोड आहे. विषाणू पुरुषांनाही होतो, त्यांच्यात घशाचे वगैरे कर्करोगही करतो, आणि ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून मुलग्यांनाही शाळेत लस द्यायला सुरुवात केली. जिथे पैसा आणि लस मोजकी, तिथे आधी मुली, कारण रोगाचा मोठा भार त्यांच्यावर पडतो. ‘म्हणजे आजार पण आम्हालाच आणि सुई पण आम्हालाच,’ असे म्हणून ती सायकल काढून गेली. याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

आता कामाच्या गोष्टी. मुलीला उपाशी पाठवू नका; पेज खाऊन जाऊ दे, भाकरी खाऊन जाऊ दे. या वयात सुईच्या भीतीनेच घेरी येते, आणि एक पडली की रांगेतल्या आणखी चार पडतात. म्हणून लस बसवून द्यावी, बाकीच्यांच्या नजरेआड द्यावी, आणि नंतर अर्धा तास मुलींना तिथेच बसवून ठेवावे. दंड दुखतो, थोडा सुजतो, एखादीला कणकण येते, डोके दुखते; एकदोन दिवसांत उतरते. मूल होण्यावर या लसीचा कसलाही दुष्परिणाम दिसलेला नाही. अंगात बराच ताप असेल तर त्या दिवशी देऊ नये. आधीच्या कोणत्या लसीने किंवा औषधाने अंगावर पित्त उठले असेल, श्वास कोंडला असेल, तर ते आधी सांगावे. लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते, गोठूही द्यायची नसते. वीज गेल्यावर काय व्यवस्था आहे, हे विचारायला लाजू नका. कोणती लस, कोणत्या वयाला, किती मात्रा, हे मोहिमेच्या नियमांप्रमाणे ठरते, ते तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कळेल.

लस घेतली तरी पुढे तपासणी चुकत नाही, कारण विषाणूचे सगळेच प्रकार लसीत नाहीत. आणि आईला तर लसीचे वय उरलेले नाही. तिला तपासणीच हवी. धाराशिव, म्हणजे त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या डॉ. नेने, डॉ. कस्तुरी जयंत आणि टाटा रुग्णालयाच्या मंडळींनी तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास केला. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या गटाची या विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली, त्यात आठ वर्षांत या रोगाने ३४ बायका गेल्या. जवळजवळ तेवढ्याच मोठ्या, नेहमीच्याच व्यवस्थेवर सोडलेल्या गटात ६४ गेल्या. त्या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल पुढे टीकाही झाली, आणि ती मला अस्थानी वाटत नाही. पण एका तपासणीने काय होते, हे त्यातून साऱ्या जगाला कळले. आपल्या जिल्ह्यातही डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने टाटाच्या साहाय्याने खेडोपाडी अशा तपासण्या केल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, निदान पस्तिशीला एकदा आणि पंचेचाळिशीला एकदा. पाच-दहा मिनिटांचे काम आहे, दुखत नाही. मुलीला लस द्यायला घेऊन जाल, त्याच दिवशी तिथल्या सिस्टरना आपल्या तपासणीचा वार विचारून घ्या.

लसीचे कार्ड मिळेल, ते रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. आपल्या पावसात कागद टिकत नाही. मुलगी सासरी जाईल तेव्हा ते तिच्याबरोबर द्या.